जयूआक्काचं गाऱ्हाणं

घरी येऊन आठ दिवस झाले तरी माझ्या कापडी पिशवीचा सुक्या बांगड्याचा वास गेलेला नाही. इथे अकोल्यात आमच्या शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या की नाकाला पदर लावतात, आणि तरीही रोज विचारतात, काय काय पाहिलं कोकणात? किल्ला पाहिला का, डॉल्फिन दिसले का, पाण्याखाली उतरलात का? मी यातलं काहीच केलं नाही. किल्ला लांबून पाहिला, पाण्यात घोट्यापर्यंत गेले. बाकी सगळे दिवस मी एका त्र्याहत्तर वर्षांच्या बाईच्या मागेमागे हिंडले. जिन्यात उभ्या उभ्या हे वहिनींना पटणार नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मूळ सगळं आमच्या दादाचं. माझा हा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी फौजेत ट्रक चालवायचा. फौजेतल्या त्याच्या गोष्टी मोजून तीन, आणि तिन्ही आमच्या घरात लहानथोरांना पाठ. त्यातली एक अशी की, लढाई पेटायच्या थोडे दिवस आधी पंजाबातल्या त्यांच्या तळावर कोकणातून पाच बायका आल्या. नऊवारीतल्या, थंडीने काकडलेल्या. त्यांनी फुगड्यांचा असा काही धुमाकूळ घातला की आठ दिवस धड न जेवलेली पोरं त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवली. शेवटी त्यांतली सगळ्यांत लहान पोरगी हात जोडून काहीतरी म्हणायला लागली आणि कोकणातले जवान प्रत्येक वाक्याला ओरडायला लागले. दादाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तोही ओरडला.

आता दादाचे गुडघे गेलेत. दिवाळीत मला म्हणाला, त्या पाचांतली कोणी आहे का बघून ये, आणि असेल तर सांग, अकोल्याच्या ड्रायव्हरनं तुम्हाला नाचायला आपले मोजे दिले होते. मी शाळेत खेळाची बाई होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आणि घरात बसून हाडं कुरकुरायला लागली होती. कुडाळला माझी डी.एड.ची मैत्रीण राहते. तिने महिनाभर इकडेतिकडे चौकशी केली आणि एक नाव कळवलं. चौघी गेल्या होत्या किंवा आठवण गेलेल्या होत्या. पाचवी, सगळ्यांत लहान, जयवंती. मालवणच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावात.

पहिला दिवस: कट्टा

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. कुडाळ स्टेशनाबाहेर मी मालवणची एसटी पकडली. भात कापून झालेलं होतं, रिकाम्या खाचरांत गुरं हिंडत होती. आमच्याकडे गावात घराला घर चिकटलेलं, एकाच्या घरी फोडणी पडली की दुसरा खोकतो. इथे एकेक घर आपापल्या माडांच्या आणि काजूंच्या मागे लपलेलं. गाव कुठे सुरू झालं नि कुठे संपलं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वाटेतल्या कट्टा गावाला गाडी थांबली. समोरच्या दुकानात गुळात घोळवलेल्या खाज्यांची रास दिसली आणि माझी बुद्धी फिरली. पावशेर खाजं बांधून घेऊन मागे वळते तो गाडी गेलेली, आणि माझी बॅगही. चूक माझीच. तिथे व्हॅन लावून उभ्या असलेल्या एका पन्नाशीच्या माणसाने हे सगळं शांतपणे पाहिलं होतं. त्याचं नाव सत्यवान. "बॅग खंय जावची नाय," तो म्हणाला. "आमच्याकडे बॅग हरवना नाय, माणूस हरवता."

त्याने मला व्हॅनमधून मालवणच्या स्टँडवर नेलं, तर माझी बॅग खरोखरच कंट्रोलरच्या टेबलाखाली सुखरूप होती. पण तिथवर पोचेपर्यंत सत्यवानाने माझं गोत्र, नोकरी, भाऊ आणि भावाचे गुडघे हे सगळं काढून घेतलं होतं. इथे कोणाला पत्ता विचारला की तो आधी तुमचा पत्ता विचारतो. जयवंतीबाईंचं नाव सांगताच त्याने ब्रेकच मारला. त्याच्या बायकोला फुगडी त्यांनीच शिकवली होती, तिलाच काय, त्या बाजूच्या चार वाड्यांतल्या पोरींना. सगळे त्यांना जयूआक्का म्हणतात. पुढचे सगळे दिवस सत्यवान आमचा सारथी झाला.

जयूआक्का अंगणात बसून झाडूसाठी झावळीचे हीर सोलत होत्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, चष्म्याला एका बाजूने दोरा. मी कोण, कुठून, कशासाठी, हे सत्यवानानेच सांगून टाकलं. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली नाही. मोज्यांची गोष्ट ऐकून मात्र त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"मोजे? पाच जोड मिळाले. कोणाचे ते कोण लक्षात ठेवतलो? वास मात्र सगळ्यांक सारखोच येय."

मला दादाचं वाईट वाटलं. पन्नासावर वर्षं तो त्या मोज्यांवर जगला होता. आक्का उठल्या आणि विचारलं, जेवलंस? पुढचा तासभर मग दुसरं बोलणं नाही. बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा जाडजूड भात आणि सोलकढी. आम्ही वऱ्हाडातले तिखटाचा तोरा मिरवणारे लोक, पण मासा खायचा म्हणजे जीभ शाळेत गेलेली असावी लागते. दुसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. आक्कांच्या सुनेने कोऱ्या भाताचा लाडवाएवढा मुटका न चावता गिळायला लावला, आणि काटा खाली गेला. आक्का समोर बसून इतकं हसल्या की तिथेच आमची ओळख पक्की झाली.

दुसरा दिवस: पाच जणी

सकाळी गरम पेज आणि लोणचं पुढ्यात ठेवून आक्का बोलायला लागल्या. एकाहत्तर साली त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हताच, सगळं रत्नागिरी. तिथून निरोप आला की सरहद्दीवर आपली मराठी पोरं जमली आहेत, त्यांच्या करमणुकीला कोण जाईल? गावच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, आम्ही जातो. त्यांनी गणेशचतुर्थीत फुगडी घालणाऱ्या चौघी निवडल्या आणि पेटी वाजवायला दशावतारात आयुष्य काढलेले तात्या बरोबर घेतले. सहा माणसं, एक पेटी, एक ढोलकी, आणि चार दिवसांचा प्रवास. अंगावर सुती लुगडी. थंडी म्हणजे काय हे यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

तळावर पोचल्या तेव्हा जवानांनी आपले ओव्हरकोट काढून त्यांच्या अंगावर घातले. ते कोट टाचेपर्यंत यायचे. खाली फौजी मोजे, वर नऊवारी आणि त्यावर कोट, अशा अवतारात दोन ट्रक पाठीला पाठ लावून केलेल्या फळ्यांवर या पाच जणी फुगड्या घालायच्या. मोज्यांमुळे पाय सटकायचे. पहिल्याच दिवशी मास्तरीणबाई फिरता फिरता थेट खाली बसलेल्या साहेबांच्या मांडीत जाऊन पडल्या. त्यानंतर जवान त्या पडण्याचीच वाट बघायला लागले, म्हणून मग त्या रोज पडायच्या. पडून पडून त्यांची कंबर काळीनिळी झाली होती आणि त्या रात्री तात्यांकडून तेल मागून घ्यायच्या, पण कोणाला सांगू द्यायच्या नाहीत.

मी खेळाची बाई, मला राहवेना. म्हटलं, आक्का, तुमच्या त्या फुगड्या तरी दाखवा. त्यांनी लुगडं खोचलं, अंगणात उकिडव्या बसल्या आणि त्याच बसक्या चालीत टुणटुण उड्या मारत दोन फेऱ्या काढल्या. याला कोंबडा म्हणतात. मी बत्तीस वर्षं पोरींना बेडूकउड्या शिकवल्या, म्हणून ऐटीत पुढे झाले आणि तिसऱ्या उडीला सारवलेल्या अंगणात सपशेल आडवी झाले. सून पाणी घेऊन धावली. आक्कांना साधा दमही लागला नव्हता.

पण खरी गोष्ट पुढे होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज खाली आला. पहिले दोन दिवस या बायका सिनेमातली गाणी म्हणायच्या, देशभक्तीची म्हणायच्या. जवान टाळ्या वाजवायचे, पण कसे, तर पाहुण्यांसाठी वाजवतात तसे. तिसऱ्या दिवशी आक्कांनी फुगडीच्या गाण्यात एका जवानाच्या गावाचं नाव सहज घातलं आणि तो कोपऱ्यातला पोरगा उभाच राहिला. मग ही रीतच झाली. दुपारी या पोरीने वही घेऊन तंबूतंबूतून फिरायचं, तुझा गाव कुठला, गावचा देव कोण, वाटेत काय लागतं, हे विचारायचं, आणि संध्याकाळी ते सगळं गाण्यात यायचं. कोणाचा पिंपळ, कोणाची ओढ्यावरचा साकव ओलांडून जायची शाळा, कोणाची खाष्ट मामी.

"आमी गेलंव तेव्हा वाटलेला, आमी तेंका हसवतलंव," आक्का म्हणाल्या. "थंय गेल्यार कळला, तेंका हसूक नको होता. गाव होयो होतो."

शेवटच्या संध्याकाळी कळलं की पहाटे ही पलटण पुढे जाणार. मागून कोणीतरी म्हणालं, गाऱ्हाणं घाला.

आमच्या वऱ्हाडात देवाला नवस बोलतात तो मनातल्या मनात. इथे देवाशी बोलणं म्हणजे सगळ्या गावासमोर, मोठ्याने. मानकरी नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. यात चारी सीमांच्या देवांची नावं घ्यावी लागतात. एकही राहून चालत नाही, राहिलेला देव रागावतो म्हणतात. आणि हे काम बाप्यांचं. बाईने घातलेलं गाऱ्हाणं त्या मुलखात कोणी ऐकलेलं नव्हतं. घालणार होते तात्या, पण थंडीने त्यांचा घसा असा बसला होता की तोंडातून नुसती हवा यायची. जवान वाट बघत उभे. मास्तरीणबाईंनी जयूच्या पाठीत बोट खुपसलं, गावं नि देव तुलाच पाठ आहेत, उभी राहा.

एकोणीस वर्षांची पोरगी हातात नारळ घेऊन उभी राहिली. ते शब्द त्यांनी माझ्यासाठी अंगणात पुन्हा म्हटले. चष्मा काढून ठेवला होता आणि डोळे मिटलेले होते.

"बा रवळनाथा, माये सातेरे, ही तुमची लेकरां घरदार सोडून परमुलखात उभी आसत. तेंच्या फुडे उभे ऱवा, तेंच्या मागे उभे ऱवा. जशी गेली तशी घराक हाडा."

अंगणात मी, सून आणि कुंपणाशी उभा असलेला सत्यवान. तिघांच्या तोंडून एकदम 'व्हय महाराजा' निघालं. माझ्या अंगावर काटा आला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग त्यांनी एकेक गाव घेतला, त्याचा देव घेतला, वहीतलं पानन् पान संपवलं. त्या दिवशी शेकडो गळे ओरडत होते आणि त्यांत एक माझा दादाही होता.

इथे मला वाटलं, गोष्ट संपली. मी फोन काढून दादाला लावला आणि आक्कांच्या हातात दिला. दादा पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलत होता. आक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "व्हय तर. तुमचेच मोजे माझ्या पायात होते. खूप ऊबदार." फोन माझ्याकडे देताना त्यांनी माझी नजर टाळली. त्या बाईवर माझा जीव जडला तो त्या क्षणी.

उन्हं कलल्यावर आम्ही दोघी समुद्रकाठच्या पुळणीवर चालत गेलो, तेव्हा मी उगाच विचारलं, गावी परत आल्यावर लोकांनी कौतुक केलं असेल ना? आक्का थांबल्या. बाईने गाऱ्हाणं घातल्याची बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. चार माणसं वडिलांकडे आली. वडिलांनी देवळात नारळ ठेवून चूक कबूल केली आणि पोरीला सांगितलं, हा विषय पुन्हा काढायचा नाही. तिने काढला नाही. फुगड्यांबद्दल बोलायची, त्याबद्दल नाही. पण वडिलांच्या भीतीपेक्षा मोठं कारण दुसरं होतं, आणि ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

गाऱ्हाणं संपल्यावर ट्रकांत सामान चढत होतं. एका ट्रकातून एक कोवळा जवान बाहेर वाकला आणि म्हणाला, "बाय, सगळ्यांचे गाव घेतलंस. आमचो ऱवलो मां." तिने घाबरून विचारलं, कुठला? त्याने वैभववाडीकडचा एक गाव सांगितला. देव? पावणाई. तेवढ्यात ट्रक हलला. ती त्या मोज्यांवर ट्रकामागे धावली, पावणाईचं नाव घेत धावली, पण ट्रक पुढे आणि ती मागे. नारळ फुटून गेलेला होता. संपलेलं गाऱ्हाणं पुन्हा घालता येत नाही. त्या घरी पोचायच्या आत, गाडीतच, लढाई सुरू झाल्याचं कळलं.

"देव रागावलो तर माका काय करतलो, मी घरात," त्या म्हणाल्या. "पण तो खंय चल्लेलो?"

तेव्हापासून रोज सकाळी दिवा लावताना त्या आधी पावणाईचं नाव घेतात, मग आपल्या देवाचं. तो जवान परत आला की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. गाव काही सातासमुद्रापलीकडे नव्हता, सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येईल एवढ्यावर. एकदा त्याच गावातल्या लग्नाचं आमंत्रण आलं, तर यांनी ताप आल्याचं सोंग घेतलं. आला नाही असं कळलं असतं तर? मग सगळं गाव म्हणालं असतं, बाईनं गाऱ्हाणं घातल्यावर दुसरं काय होणार. आणि गाव म्हणालं नसतं तरी त्यांनी स्वतःच म्हटलं असतं.

माझ्या मनगटाला धरून त्या म्हणाल्या, "तू भायरची. तू इचारलंस तर कोणाक काय वाटूचा नाय. जाशीत?"

तिसरा दिवस: घाटाखालचा गाव

ठरलं असं होतं की मी एकटीने जायचं. सकाळी व्हॅनचं दार उघडलं तर आक्का आत बसलेल्या, ठेवणीतलं हिरवं लुगडं, मांडीवर नारळाची पिशवी. सत्यवानाने गाडी सुरू केली. कट्टा, कसाल, मग हमरस्ता, तळेऱ्याला उजवीकडे वळून वैभववाडी. समुद्राचा वारा मागे राहिला. पुढे सह्याद्री भिंतीसारखा उभा, आणि त्याच्या पायथ्याशी लाल मातीची उतारावरची शेतं. इतर वेळी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी मला आक्कांचे हातच दिसत होते. नारळाची शेंडी त्यांनी धागा धागा करून उपटून टाकली होती.

गावात एकच दुकान. आक्का गाडीतून उतरेनात. काच वर घ्या म्हणाल्या. मी जाऊन गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या बाजूला या गावचं कोणी होतं का? त्यांनी आधी माझा गाव, नाव आणि नवरा काय करतो हे विचारून घेतलं. मग म्हणाले, "भिकाजी होतो. आता नाय तो. घर थंय, फणसाच्या मागे."

नाही म्हणजे कधीपासून नाही, हे विचारायला माझी जीभ रेटेना. गाडीपाशी येऊन मी एवढंच सांगितलं की घर सापडलं. आक्का उतरल्या. फणसापर्यंतची ती पायवाट दोनशे पावलांची असेल, पण त्या मध्ये दोनदा थांबल्या.

ओटीवर कोणी नव्हतं. समोरच्या भिंतीवर एक फोटो. गणवेशातला विशीतला पोरगा, ओठावर जेमतेम मिसरूड, आणि फोटोला चंदनाचा हार. आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या खालच्या पायरीवरच बसल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आपण या म्हातारीला कशाला आणलं इथे, असं वाटून मला स्वतःचा राग आला.

आतून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्या सुभद्राबाई. पायरीवर कित्याक बसलात, वर या म्हणाल्या. मी फोटोकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, माझा घोव, म्हणजे नवरा. सात वर्षांपूर्वी गेला, जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. फोटो मात्र हाच लावायचा असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हातारपणीचे फोटो त्याला आवडत नसत.

आक्कांनी मान वर केली. "म्हंजे तो इल्लो? लढायेतसून परत इल्लो?"

"इल्लो म्हंजे?" सुभद्राबाई म्हणाल्या. "माझी चार पोरां काय पोस्टान इली?"

सत्यवान मागे तोंड फिरवून खोकायला लागला. आक्का हसल्या नाहीत. मीच सांगितलं की पंजाबात गाऱ्हाणं घालणारी ती मुलगी म्हणजे या. सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला, आक्कांना ओढत वर नेऊन पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, अगो, तुझी गोष्ट तर या घरात दर चतुर्थीला व्हायची. भिकाजी भजनाला आलेल्या लोकांना ती सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे. त्या दुपारी त्याची लंगरात भांडी घासायची पाळी होती. वही घेऊन फिरणारी पोरगी बाकी सगळ्यांशी बोलली, याच्याशी नाही. मग निघता निघता त्याने तिची फिरकी घेतली.

"तेना दुपारी गाव सांगलेलोच नाय, मगे ऱवतलो कसो?" सुभद्राबाई हसत म्हणाल्या. तिचा चेहरा कसा झाला आणि ती मोज्यांवर कशी धावली, याची तो नक्कल करून दाखवायचा. एवढं बोलून त्यांचं लक्ष आक्कांकडे गेलं आणि त्या मध्येच थांबल्या.

आक्का फोटोकडे बघत होत्या. "मेल्यान एक चिठी तरी घालूची," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता चष्मा खाली पडला, आणि मग ते हसू राहिलं नाही. लहान मुलं रडतात तशा त्या रडल्या, तोंड उघडं टाकून. पन्नासावर वर्षांच्या सगळ्या सकाळी त्या रडण्यात होत्या. सुभद्राबाईंना मी सगळं सांगितलं, दिव्यापुढच्या पावणाईचं, लग्नाचं, तापाचं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"तो गमत्यो होतो गो, वायट नाय होतो," त्या म्हणाल्या. आक्कांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात घेतले. "आज तो नाय. तेच्या वाटची मी सांगतंय. चुकला तेचा."

या माणसांचं मला इथे नवल वाटतं. आमच्याकडे कोणी कोणाची अशी थट्टा केली असती तर तिथल्या तिथे शिव्या बसून मिटलं असतं. इथे थट्टा अशी काही खऱ्यासारखी करतात, की करणारा विसरून जातो आणि ऐकणारा जन्मभर वागवतो. भिकाजीवर मला राग आला होता, पण त्या फोटोतल्या मिसरुडाकडे बघून तो टिकेना. विशीतला पोरगा पहाटे मरणाच्या दिशेने जायचा होता, आणि त्या आधी त्याला एका पोरीशी चार शब्द बोलायचे होते.

सुभद्राबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत बांगड्यांची एक जुडी कोंबली, तिचाच हा वास. आक्कांनी आणलेला नारळ दोघी मिळून पावणाईच्या देवळात ठेवून आल्या. मी बरोबर गेले नाही, ते त्या दोघींचं होतं.

परतताना

गाडीत मला वाटत होतं, आक्का आता हलक्या होतील, एखादी फुगडी म्हणतील. मी खाज्याची पुडी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. त्या खिडकीबाहेर रस्त्यावरच्या गावांच्या पाट्या बघत होत्या, एकेका पाटीवर ओठ हलत होते. तळेरं गेलं. मग माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं.

"बाय, जेंची नावां मी घेतलंय, तेंतले किती इले?"

मला कुठून ठाऊक असणार. मी खाज्याची पुडी परत बांधून ठेवली.

"ऱवलेल्या एकाच्या पाठसून मी अख्खो जन्म काढलंय," त्या म्हणाल्या. "घेतलेल्यांचा इचारूकच नाय. तेंका देव बघता, असा धरून चल्लंय."

थोडं पुढे नांदगावची पाटी आली. आक्कांनी सत्यवानाच्या खांद्यावर थाप मारली, गाडी आत घे. या गावचे दोघे होते, त्यांतला एक ढोलकी मागून घेऊन वाजवायचा, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. सत्यवानाने गाडी आत घेतली. एका बंद दुकानाच्या बाकावर एक म्हातारा उन्हाला पाठ देऊन बसला होता. मी दाराची कडी शोधते आहे तोवर आक्का खाली उतरून रस्ता ओलांडूनही गेल्या होत्या. मी पोचले तेव्हा त्यांनी विचारूनही टाकलं होतं, एकाहत्तरात लढाईला गेलेले तुमच्या गावचे दोघे, ते परत आले ना?

म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तू कुठली, आणि त्यांची तू कोण लागतेस, असं त्याने विचारलं.

आक्कांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तेंचा गाऱ्हाणा मी घातलेलंय."